जुन्या रेकॉर्डची चौकट : दुर्लक्षित राहिलेला धंदा

आमचा धंदा कापडाचा. तरीही आज चौकटीविषयी लिहितो आहोत, त्याला तसे कारण घडले. अब्बांच्या पेटीत कव्वालीची एक जुनी तबकडी होती, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. दुकानात लावावी म्हणून ती एका चौकटवाल्याकडे दिली. माणूस भला, हाताला सफाई. तबकडी चमकावी म्हणून त्याने ती स्पिरिटने पुसली आणि लाल मखमलीवर सोल्युशनने पक्की चिकटवली. आठ दिवसांनी पाहतो तो चकाकी गेलेली, रेघा बुजलेल्या. सोडवायला गेलो तर कडेचा तुकडा हातात आला. त्याने मजुरी घेतली नाही. पण ती रेकॉर्ड आता वाजत नाही आणि दुसरी प्रत आम्हाला मिळालेली नाही.

कलकत्त्यात १९०२ साली गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. तेव्हापासून पुढे कित्येक दशके आपल्याकडे निघालेल्या ७८ च्या तबकड्या मुख्यतः लाखेच्या, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. सुतार बंधूंना पुढचे सांगायला नको. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवूनच ते पॉलिश करतात! मग स्पिरिट तबकडीला कसे सोडील? कोरड्या मऊ कापडाने, रेघांच्या वळणाने धूळ काढावी, इतकेच. नंतर आलेल्या लाँगप्ले रेकॉर्ड प्लास्टिकच्या जातीच्या. त्या सहसा फुटत नाहीत, पण उन्हाने वाकतात.

चिकटवल्याशिवाय तबकडी बसते कशी? ७८ ची तबकडी बहुधा १० इंचांची असते. तिच्या मापाची गोल खाच पुठ्ठ्यात कापावी आणि वरच्या माउंटची खिडकी पाव इंचाने लहान ठेवावी. म्हणजे चारी बाजूंनी कड दाबली जाते, लेबल पुरते दिसते आणि उद्या गिऱ्हाइकाने मागितली तर तबकडी जशीच्या तशी बाहेर येते. लाँगप्लेचे कव्हर असेल तर चारही कोपऱ्यांना कागदाचे खिसे करावेत. कव्हर काचेला टेकू देऊ नये. पावसाळ्यात छपाई काचेला चिकटते. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो. आम्लरहित पुठ्ठा महाग पडतो, पण त्यातला उत्तम माल सुती धाग्यापासूनच बनतो, हे आम्हा कापडवाल्यांना ऐकून बरे वाटले.

मागच्या कापडाविषयी मात्र आमचे ऐकावे. मखमल दिसते झकास, पण तिचा रंग आधी तपासावा : पांढरी ओली चिंधी घासून पाहावी, चिंधीला रंग लागला तर ती मखमल दुसऱ्या कामाला. आमच्या मते बिनधुव्या मांजरपाटासारखे कापड नाही. पण तो कोरा वापरू नये. त्यात खळ असते आणि खळीवर कसर येते. गरम पाण्यात दोनदा धुऊन, सुकवून, मग पुठ्ठ्यावर ताणावा. एखाद्या कव्वालाची शाल किंवा टोपी लावायची असेल तर खिळे नकोत, स्टेपलर तर मुळीच नको. बारीक सुती दोऱ्याने, सैल टाक्यांनी ती कापडावर शिवावी आणि खोल पेटीसारखी चौकट करावी. जरीकाम आणि रफू करणाऱ्या आमच्या भगिनी हे काम चौकटवाल्यापेक्षा सरस करतील. त्यांना कोणी विचारत नाही, हीच अडचण आहे.

सहीचा फोटो असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की, पेनाची शाई उजेडाने उडते. चांगली नक्कल भिंतीवर लावावी, अस्सल कपाटात. पश्चिमेचे ऊन येणारी किंवा ओल धरणारी भिंत टाळावी. चौकटीमागे बुचाचे तुकडे लावले तर हवा खेळते.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटला, जुन्या रेकॉर्ड विकल्या जातात. घेणाऱ्यांपैकी कित्येकांना त्या भिंतीवरच लावायच्या असतात. कारागिराने हे काम घेताना वस्तूचा फोटो काढावा, आधीची चीर, डाग पावतीवर लिहून सही घ्यावी. नंतरचे तंटे वाचतात. एका तबकडीला दुसरीचे कव्हर जोडून अस्सल म्हणून देऊ नये. जाणकार लगेच ओळखतो आणि पुन्हा पायरी चढत नाही.

तो चौकटवाला आता आमच्याकडून धुतलेल्या मांजरपाटाचे तुकडे नेतो. अब्बांची तबकडी त्यानेच नव्याने, खाच कापून बसवून दिली. ती आमच्या गादीमागे लटकते आहे. लेबल तेवढे अजून वाचता येते.