कुंकवाचं बोलावणं आणि डब्यांचं बोलावणं

"ताई, निमंत्रणात डब्यांचं नाव नको ना? नुसतं 'शनिवारी चहाला या' असं लिहिते. नाहीतर कोणी यायचंच नाही!"

स्वयंपाकघरातले डबे-बाटल्या विकायचं काम नुकतंच सुरू केलेली ती मुलगी मोबाइल पुढे करून विचारत होती. मला काही हसू आलं नाही, कारण सात वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं.

संक्रांतीचे दिवस होते. अख्ख्या आळीला हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं. बायका नटूनथटून आल्या. तिळगूळ झाला, वाण देऊन झालं आणि मग मी हळूच पलंगाखालचं खोकं ओढलं. पाणी भरलेला डबा उलटा करून दाखवला, किमती सांगितल्या. भिडेखातर चौघींनी एकेक डबा घेतला. मी खूश! पुढच्या संक्रांतीला मात्र त्या चौघींपैकी एकही फिरकली नाही. शेजारच्या काकू तेवढ्या तोंडावर बोलल्या, "अगं, डबा वाईट नव्हता. पण कुंकवाला बोलावून पर्स उघडायला लावलीस गं!"

मैत्रिणींनो, आपल्या छोट्या गावात गिऱ्हाईक म्हणजे शेजारीण, जाऊ, नाहीतर मुलांच्या शाळेतली आई. एकदा मन दुखावलं की माणूसही जातं आणि गिऱ्हाईकही.

आता तर कायदाही हेच सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीसाठी केंद्र सरकारचे नियम आले. बोलायला सुरुवात करतानाच आपण कोण, कंपनी कोणती, वस्तू काय आणि हेतू काय, हे खरं सांगायचं. कुणाच्या घरी जायचं तर ओळखपत्र हवं आणि आधी वेळ ठरवलेली हवी.

मग आम्ही दोघींनी बसून मजकूर लिहिला:

"वहिनी, मी स्वयंपाकघरातले डबे विकायचं काम सुरू केलंय. शनिवारी ४ ते ५ आमच्या घरी नमुने दाखवणार आहे. जरूर या. घेतलंच पाहिजे असं मुळीच नाही."

खाली कंपनीचं नाव आणि तिचा फोन नंबर. 'घरबसल्या हजारो कमवा' हे तिनं घातलेलं वाक्य मी खोडायला लावलं. जे आपल्यालाच अजून मिळालं नाही, ते दुसरीला कसं कबूल करायचं? निरोपही ग्रुपवर न टाकता एकेकीला नावानं पाठवला. मोठ्या बायकांकडे ती स्वतः जाऊन सांगून आली.

बारा जणींना बोलावलं, पाच आल्या. तिचा चेहरा उतरला. पण पाचपैकी तिघींनी स्वतःहून किमती विचारल्या आणि दोघींनी डबे घेतले.

त्या पाचांत आमच्या काकूही होत्या. घेतलं काहीच नाही. चहा पिऊन निघाल्या आणि दारात चपला घालताना मला म्हणाल्या, "यंदा संक्रांतीला बोलाव हो. येईन मी."