एल्सवर्थच्या समितीचा मसुदा

४ मार्च १७८९ला सुरू व्हायचे सेनेटचे पहिले अधिवेशन गणसंख्येअभावी महिनाभर रखडले. ६ एप्रिलला व्हर्जिनियाचे रिचर्ड हेन्री ली न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलमध्ये पोहोचले, बारा सभासद भरले, आणि दुसऱ्याच दिवशी न्यायव्यवस्थेचा कायदा लिहायला एक समिती नेमली गेली. घटनेने सर्वोच्च न्यायालय एक असेल असे सांगितले होते. न्यायाधीश किती, हे सांगितले नव्हते, आणि खालची न्यायालये हवीत की नकोत हेही काँग्रेसवर सोडले होते. म्हणून अमेरिकेच्या संघीय न्यायसंस्थेचा सांगाडा घटनापरिषदेपेक्षा या समितीने घडवला, असे मला वाटते. त्यातही तिचे खरे कसब तत्त्वे मांडण्यात नव्हते. कोणता अधिकार आज द्यायचा आणि कोणता तूर्त हातचा राखायचा, हे ओळखण्यात होते.

तेव्हाच्या सेनेटला कायदेविषयक कायम समित्या नव्हत्या. त्या आल्या १८१६ साली. एकेका कामापुरती समिती मतपत्रिकेने निवडायची, तिने अहवाल दिला की ती संपली. आपल्याकडची प्रवर समिती हा त्यातलाच प्रकार. या समितीत आधी आठ जण होते, मग दोन वाढले, म्हणजे ज्यांचे सेनेटर हजर होते त्या दहाही राज्यांतून एकेक. पुढारीपण कनेक्टिकटच्या ऑलिव्हर एल्सवर्थकडे आले. पेन्सिल्व्हेनियाचे विल्यम मॅक्ले समितीतच होते, पण आपल्या रोजनिशीत त्यांनी हे विधेयक एल्सवर्थचे अपत्य ठरवले आहे, आणि बापाने पोराची कड घ्यावी तसे ते रागारागाने त्याची बाजू घेतात अशी तक्रारही केली आहे. मग समिती हे नुसते नाव, काम एकाच माणसाचे, असे कोणी म्हणेल. पण मूळ मसुदा पाहिला तर पहिली नऊ कलमे न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसनच्या अक्षरात आहेत आणि एल्सवर्थचे अक्षर दहाव्यापासून सुरू होते. सेनेटची दारे तेव्हा बंद असत, म्हणून आतली भांडणे कळायला मॅक्लेंची रोजनिशी हाच मोठा आधार. पण लिहिणारा चिडलेला आहे, हे विसरून ती वाचू नये.

अडचण अशी की संघीय न्यायालये फक्त आरमारी खटल्यांपुरती असावीत आणि बाकी सगळे राज्यांच्या न्यायालयांतच सुरू व्हावे, असे म्हणणारा एक गट होता. घटनेत लिहिलेला सगळा अधिकार लगेच वापरावा, असे दुसऱ्याचे म्हणणे. समितीने जिल्हा न्यायालये दिली, पण त्यांच्याकडे मुख्यतः आरमारी दावे, लहान गुन्हे आणि जप्ती-दंडाची प्रकरणे. कोणत्याही जिल्ह्याने राज्याची हद्द ओलांडली नाही. अकरा राज्यांत तेरा जिल्हे झाले ते मेन आणि केंटकी वेगळे काढल्यामुळे. दोन राज्यांतल्या नागरिकांचा दावा फिरत्या न्यायालयात, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फिरतीवर येऊन भरवत त्या न्यायालयात न्यायचा, तर रक्कम ५०० डॉलरच्या वर हवी. त्यामुळे किरकोळ देणेकऱ्याला घरापासून लांब फरफटत नेणे टळले. आणि संघीय कायद्यातून उपजणारा प्रत्येक दावा पहिल्या पायरीपासून ऐकण्याचा अधिकार तर दिलाच नाही. तो कायमचा मिळायला १८७५ उजाडले.

पण पंचविसाव्या कलमात समितीने हात आखडला नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संघीय कायद्यावरचा किंवा घटनेवरचा हक्क नाकारला, तर ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येईल, अशी ती तरतूद. तळाशी राज्यांना मोकळीक आणि शेवटचा शब्द मात्र संघाचा. पुढे व्हर्जिनियाच्या न्यायालयाने हे कलमच नाकारले, तेव्हा १८१६ आणि १८२१च्या निकालांनी ते उचलून धरले.

विरोधकांना समितीत घेऊन काय साधले, असाही आक्षेप आहे. १७ जुलैला विधेयक १४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाले आणि सहांतले तिघे, ली, मॅक्ले आणि विंगेट, समितीचेच होते. जेफरसनने पुढे सेनेटसाठी लिहिलेल्या नियमपुस्तिकेत विधेयकाच्या कट्टर विरोधकाला समितीत बसवू नये, असे सांगितले आहे. मला ते या प्रकरणाला लागू होत नाही असे वाटते. विरोधकांची मते वळली नाहीत हे खरे, पण जिल्हा न्यायालयांवरच्या वर सांगितलेल्या मर्यादा त्यांच्या भीतीला धरूनच आहेत. शिवाय दारे बंद असली तरी मसुदा छापून बाहेरच्या कायदेपंडितांकडे अभिप्रायासाठी गेला होता. दोष राहिले नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच फिरतीवर पाठवण्याची काटकसर इतकी महागात पडली की १७९३मध्ये एका फेरीला दोनांऐवजी एकावर यावे लागले. आणि तेराव्या कलमातला एक तुकडा १८०३मध्ये मार्बरी खटल्यात घटनाबाह्य ठरला. बाकीचा सांगाडा मात्र उभा राहिला.

वॉशिंग्टनची सही २४ सप्टेंबर १७८९ला झाली. मसुद्याचे कागद सेनेटच्या दप्तरात पडून होते, ते चार्ल्स वॉरन यांनी शोधून १९२३मध्ये त्यांवर लेख लिहिला. त्यांत एल्सवर्थच्या अक्षरातला एक चिठोरा होता, चौतिसाव्या कलमाच्या दुरुस्तीचा. संघीय न्यायालयाने ‘राज्यांचे कायदे’ पाळावेत, यात न्यायाधीशांनी घडवलेला अलिखित कायदाही येतो, असा अर्थ वॉरननी त्यावरून लावला. त्या अर्थाचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने १९३८च्या एरी निकालात आपलाच १८४२चा निकाल मोडीत काढला. वॉरनचे वाचन बरोबर होते की नाही, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.