तिकीट संपलं की जॉब अडतो

विद्यापीठांच्या क्लस्टरवर एक तक्रार नेहमी ऐकू येते. संध्याकाळी लावलेला जॉब रात्रभर नीट चालला आणि पहाटे 'परमिशन डिनाइड' म्हणत बंद पडला. फाइल तीच, वापरणाराही तोच, म्हणून संशय डिस्कवर जातो. फाइल्स एएफएस या नेटवर्कवरच्या फाइल सिस्टमवर असतील तर आधी केर्बेरॉसचं, म्हणजे ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेचं, तिकीट तपासावं.

'मी लॉगिन केलंय, म्हणजे माझ्या जॉबलाही माझे हक्क आहेत' हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज. एएफएसचा सर्व्हर युनिक्सचा युझर आयडी मानत नाही, टोकन मागतो. ते तिकिटाच्या आधारे मिळतं आणि जिथे मिळालं त्याच मशीनच्या कर्नलमध्ये राहतं. जॉब भलत्याच नोडवर चालतो. मुद्दाम सोय केल्याशिवाय टोकन तिथे पोचत नाही. त्या नोडच्या रूटलाही एएफएसमध्ये वेगळा अधिकार नसतो.

तिकिटाची मुदत कमी असते ती मुद्दाम. केर्बेरॉस एमआयटीच्या अथेना प्रकल्पात 1980च्या दशकात घडलं, ते वर्कस्टेशनसमोर बसलेल्या माणसासाठी. चोरलेलं तिकीट लवकर निकामी व्हावं. माणूस पासवर्ड पुन्हा टाइप करील. पहाटे चालणारा जॉब तो कुठून टाकणार?

'रिन्यू करता येतं की!' येतं, पण मुदत संपण्याआधीच, आणि त्यालाही मर्यादा आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या मूळ सेटिंगनुसार तिकीट 10 तासांचं असतं आणि ते 7 दिवसांपर्यंतच वाढवता येतं. शिवाय तिकीट वाढलं म्हणून एएफएसचं टोकन वाढत नाही; त्यासाठी तिकिटावरून टोकन मिळवणारं एकेलॉग पुन्हा चालवावं लागतं. हे ठाऊक नसल्याने 'तिकीट तर ताजं आहे' म्हणत लोक तासन्‌तास चूक शोधत बसतात.

वैतागून काहीजण डिरेक्टरी सर्वांना लिहायला खुली करतात. हा उपाय धोक्याचाच आहे. एएफएसमध्ये 'सिस्टम:एनीयुझर' म्हणजे तुमची संस्था नव्हे. त्या सर्व्हरपर्यंत पोचू शकणारा जगातला कोणीही. चमॉड 777 तर तिथे निरुपयोगी, कारण ग्रुप आणि इतरांचे बिट एएफएस विचारातच घेत नाही.

मग कीटॅब, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची किल्ली असलेली फाइल? लांब जॉबसाठी तोच योग्य मार्ग. मात्र 'त्यात पासवर्ड नसतो, म्हणून तो सुरक्षित' हे खोटं. कीटॅब ज्याच्या हाती, त्याच्या हाती ती ओळख. म्हणून स्वतःच्या नावाचा कीटॅब करू नये. ॲडमिनकडून जॉबसाठी वेगळं प्रिन्सिपल, म्हणजे केर्बेरॉसमधली वेगळी ओळख, घ्यावं आणि त्याला फक्त निकालाच्या डिरेक्टरीवर लिहिण्याचा हक्क द्यावा. कीटॅबची फाइल नोडच्या स्थानिक डिस्कवर ठेवावी आणि ती फक्त जॉबच्या खात्यालाच वाचता यावी. खासगी एएफएस डिरेक्टरीत ठेवली, तर ती वाचायलाच टोकन लागेल.

नंतर जॉब के५स्टार्ट या कीटॅबवरून तिकीट घेणाऱ्या प्रोग्रॅममार्फत सुरू करावा. टोकनाचा पर्याय दिला की ते जॉबला स्वतंत्र पीएजी (टोकन वेगळं ठेवणारा प्रोसेसचा गट) देतं, तिकीट आणि टोकन वेळोवेळी ताजं करतं आणि काम संपल्यावर आवरून घेतं. पीएजी नसेल तर एकाच नोडवरचे तुमचे दोन जॉब एकच टोकन वापरतात, आणि एकाने जाताना ते काढून टाकलं की दुसराही अडतो.