पोटातले पेइंग गेस्ट

ट्रिपचं बुकिंग होतं, ऑफिसात रजा मंजूर होते, बॅगा भरल्या जातात... आणि तिसऱ्या दिवशी सगळे बीचवर असताना ग्रुपमधला एक जण हॉटेलच्या बाथरूममध्ये! बाकीच्यांना हसू येतं, त्याची मात्र वाट लागलेली असते. प्रवासात पोट बिघडवणारा बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणूचाच एक प्रकार असतो. खराब पाण्यातून किंवा अन्नातून तो आत शिरतो, आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि विष सोडतो. मग जुलाब सुरू.

यावर आपला फेव्हरिट उपाय म्हणजे केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिकची स्ट्रिप आणणं. असं उठसूट घेतलं की जंतू त्या औषधाला सरावतात. म्हणूनच काही संशोधकांनी वेगळी वाट धरली. जंतूला मारायचं नाही, त्याला आतड्यात जागाच मिळू द्यायची नाही.

कारण तिथे आधीच पेइंग गेस्ट आहेत! मोठ्या आतड्यात राहणारे बायफिडोबॅक्टेरिया हे त्यातले गुणी पाहुणे. ते भाडं देतात ॲसिडच्या रूपात. ई. कोलायच्या एका जीवघेण्या प्रकारापासून उंदरांचा बचाव या ॲसिडमुळेच झाल्याचं जपानी संशोधकांनी २०११ साली ‘नेचर’मध्ये मांडलं.

आता या गेस्टच्या जेवणाचं काय? तर आपल्याला जे पचत नाही, ते यांचं पक्वान्न. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड्स नावाच्या साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. लहान आतड्यात त्या पचत नाहीत, थेट खाली पोचतात. दुधातल्या लॅक्टोजपासूनही अशाच साखळ्या बनवता येतात. यांना म्हणतात प्रीबायोटिक. (दह्यातले जिवाणू ते प्रोबायोटिक. जाहिरातवाले दोन्हींची खिचडी करतात.)

पण प्रवासात याचा खरंच उपयोग होतो? २००१ मधल्या एका ब्रिटिश प्रयोगात २४४ प्रवासी होते. काहींनी निघण्याआधी दोन आठवडे आणि प्रवासातही रोज १० ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड घेतलं. त्यांच्यापैकी ११.२ टक्के लोकांना जुलाब झाले, नुसती पावडर घेणाऱ्यांपैकी १९.५ टक्के लोकांना. आकडे झकास दिसतात, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात हुकला. म्हणजे तो योगायोगही असू शकतो. २०१० मध्ये १५९ जणांवर दुधाच्या साखरेपासून बनवलेल्या साखळ्यांचा प्रयोग झाला. यात डोस सुरू केला तो निघण्याच्या आठवडाभर आधी. या वेळी फरक कसोटीला उतरला. जुलाब कमी जणांना झाले, आणि झाले तेही कमी दिवस टिकले.

दोन प्रयोग म्हणजे काही विम्याची पॉलिसी नव्हे. शिवाय भेळेवर भुरभुरलेल्या कांद्यातून १० ग्रॅम होत नाहीत. उलट तो कांदा कुठल्या पाण्यात धुतलाय, हाच मोठा प्रश्न! तेव्हा उकळलेलं किंवा सीलबंद पाणी, गरमागरम खाणं आणि साबणाने धुतलेले हात यांना सुट्टी नाही. तरीही पोट बिघडलंच तर आधी ओआरएस. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर सरळ डॉक्टर.

आणि हो, हरभऱ्याची उसळ खाल्ल्यावर मीटिंगमध्ये पोट गुडगुडलं तर लाजू नका. डाळी-कडधान्यांतही अशा न पचणाऱ्या साखळ्या असतात, तेव्हा ती गुडगुड म्हणजे गेस्ट मंडळींची पंगत. आयबीएसवाल्यांना मात्र ही पंगत चांगलीच महागात पडते. त्यांनी प्रीबायोटिकचा डबा विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.