पन्नास किलोंची कोलांटउडी

लाकडाची जाडी एकसारखी करणारा थिकनेस प्लेनर 30 किलोचा. तिरपे काप घेणारी विजेची करवत, म्हणजे मायटर सॉ, 20 किलोची. दोन्ही यंत्रं एकाच जाड फळीला बोल्टने आवळलेली आहेत. प्लेनर फळीवर उभा, करवत फळीच्या पोटाखाली वटवाघळासारखी उलटी. फळीच्या कडेला एक हात लावून हलकेच दाबलं की सगळा डोलारा गरकन फिरतो. प्लेनर खाली जातो आणि करवत वर येते. हाताला लागलेला जोर असतो अर्धा-पाऊण किलोचं सामान उचलण्याइतका!

छोट्या गाळ्यात काम करणाऱ्यांसाठी हा फिरता स्टँड मोठीच सोय आहे. दोन यंत्रांना दोन टेबलं लागली असती, तिथे एकाच टेबलाच्या जागेत भागतं. पण मला त्याचं खरं वेड लागलं ते जागेमुळे नव्हे, त्या गायब झालेल्या वजनामुळे. पन्नास किलो गेले कुठे?

ते गेले एका सळीत. फळीच्या मधोमध, डावीकडून उजवीकडे एक पोलादी सळी जाते आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांमध्ये बसतात. हा सगळ्या रचनेचा आस. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने तरफेचा नियम सिद्ध केला: वजन गुणिले आसापासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं भरलं की तोल जुळतो. शाळेत हा नियम आपण आडव्या पट्टीवर शिकतो. इथे पट्टी उभी आहे, एक वजन वर आणि एक खाली. मला थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. दोन्ही यंत्रांचे गुरुत्वमध्य आणि आस एका रेषेत असतील, तर एका तिरप्या कोनात जुळलेला तोल प्रत्येक कोनात जुळतो. फळी उभी, आडवी, तिरपी, कुठेही सोडा, ती तिथेच थांबते. खाली जाणारं यंत्र जितकं ओढतं, तितकंच वर येणारं यंत्र अडवतं.

स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्क इथे 2002 साली सुरू झालेलं 35 मीटर उंचीचं चक्र याच तत्त्वावर फिरतं. ते एका कालव्यातली बोट 24 मीटर वर नेऊन दुसऱ्या कालव्याच्या वाटेवर सोडतं. समोरासमोर पाण्याने भरलेल्या दोन टाक्या, त्यांत शेकडो टन पाणी. बोट टाकीत शिरली की स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाहेर ढकलते, म्हणून बोट असो वा नसो, दोन्ही बाजू सारख्याच भरतात. (हासुद्धा आर्किमिडीजचाच नियम.) अर्ध्या फेरीला वीज लागते साधारण दीड युनिट.

आपल्या स्टँडवर मात्र तोल आपोआप जुळत नाही, तो जुळवावा लागतो. समजा, दोन्ही यंत्रांचे गुरुत्वमध्य आसापासून 20 सेंटिमीटरवर आहेत. प्लेनरचा गुणाकार 600, करवतीचा 400. म्हणजे प्लेनर खाली झुकणार. करवतीखाली 10 सेंटिमीटर उंचीची पेटी घातली की तिचं अंतर 30 होतं आणि गुणाकार 600. पेटीला स्वतःचं वजन असतं, म्हणून उंची थोडी कमी चालेल. हलकं यंत्र नुसतं लांब नेऊन जड यंत्राला उत्तर देता येतं, हे कागदावर पाहणं वेगळं आणि हाताला जाणवणं वेगळं.

पण यंत्राचा गुरुत्वमध्य शोधायचा कसा? तो तर लोखंडाच्या आत कुठेतरी. त्यासाठी लागतो गवंड्याचा ओळंबा. प्लग काढायचा, दोघांनी मिळून यंत्र मागच्या कडेवर हळूहळू तिरकं करायचं. एका क्षणी ते ना मागे पडतं, ना पुढे येतं, हातातला भार नाहीसा होतो. त्या क्षणी गुरुत्वमध्य नेमका त्या कडेच्या वर असतो. तिथे ओळंबा धरून यंत्राच्या बाजूवर खडूने उभी रेघ ओढायची. मग पुढच्या कडेवर तेच. दोन रेघा जिथे छेदतात, त्या उंचीवर गुरुत्वमध्य. दोन रेघांत लोखंडाच्या पोटातलं ठिकाण सापडतं!

आणखी एक गंमत. बहुतेक यंत्रांचं वजन थोडं पुढे किंवा मागे सरकलेलं असतं. वरचं यंत्र काम करणाऱ्याकडे तोंड करून असतं, तेव्हा खालच्याचं तोंड पलीकडे असतं, कारण उलटल्यावर त्याला आपल्याकडे वळायचं आहे. त्यामुळे दोन्ही यंत्रांचं वजन आपापल्या पुढच्या बाजूला झुकलेलं असेल, तर त्या दोन चुका परस्परविरुद्ध दिशेला येतात आणि एकमेकींना बऱ्याच अंशी खातात.

तोल जुळला की उरतं फक्त घर्षण. यंत्रं आणि फळी मिळून 65 किलो धरू. घर्षण या वजनाचा काही हिस्साच असतं. ते आसाच्या पृष्ठभागावर, म्हणजे मध्यापासून फक्त 10 मिलिमीटरवर काम करतं, आणि आपला हात 300 मिलिमीटरवर. हाताला तिसपट फायदा. म्हणूनच तो अर्धा-पाऊण किलो.

सळी 20 मिलिमीटर जाडीची पुरे, खरं तर पुरून उरते. प्रत्येक टोकावर तीसेक किलोचा भार येतो, तो तिच्या सहनशक्तीच्या मानाने अगदीच किरकोळ. झिजतं ते लाकडातलं भोक, म्हणून तिथे धातूची छोटी नळी, म्हणजे बुश, बसवावी. आता 60 सेंटिमीटर लांबीचं भोक फळीच्या जाडीतून सरळ पाडणं महाकठीण. जाणते सुतार ते पाडतच नाहीत. 18 मिलिमीटरचे दोन प्लाय घ्यायचे, मध्ये 20 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि सळीपुरती फट मोकळी सोडायची. भोक पाडावं लागलं नाही, ते आपोआप घडलं. ही युक्ती मला पुन्हा पुन्हा सुंदर वाटते.

उंची ठरवताना मात्र नीट मोजायला हवं. आसापासून प्लेनरचा माथा 51 सेंटिमीटर असेल, तर खाली 52 ठेवून भागेल असं वाटतं. पण फिरताना माथा नव्हे, कोपरा सर्वांत लांब जातो. कोपरा 51 उंच आणि 30 बाजूला असेल, तर कर्ण येतो 59. म्हणून आसाखाली 62 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. चाकं आणि तळफळी धरून आस साधारण 74 सेंटिमीटरवर येतो, म्हणजे नेहमीच्या टेबलाचीच उंची!

याच फिरण्यामुळे चौकटीला मध्ये आडवी पट्टी देता येत नाही, आणि दोन बाजू नि तळ एवढीच चौकट लचकते. इथे कड्या कामाला येतात. चारही कोपऱ्यांत फळी दोन्ही बाजूंना आवळली की उघडी चौकट बंद पेटी होते. साधी दारकडी यासाठी मला पसंत नाही, तिच्यात किंचित खेळ राहतो आणि प्लेनर थरथरला की तो लाकडावर उमटतो. आवळता येणारा बोल्ट बरा.

फिरवायचं सावकाश. वजन नाहीसं झालं तरी जडत्व तसंच शिल्लक असतं. अंतराळस्थानकात तरंगणाऱ्या अवजड पेटीला गती देणं आणि थांबवणं अंतराळवीरांना सोपं जात नाही, तेच इथे. जोरात भिरकावलेली फळी बोटं चेंगरू शकते. एकच यंत्र बसवून फिरवणं त्याहून धोक्याचं. फळी उभी येते तेव्हा बाजूला आलेला 30 किलोचा प्लेनर कडेवरच्या हाताला 20 किलोने ओढतो, हात सुटला तर 20 सेंटिमीटर खाली कोसळतो.

सगळीच यंत्रं उलटी टांगण्याजोगी नसतात. पोटात मोकळं तेल असलेलं यंत्र, उदाहरणार्थ तेलावर चालणारा कॉम्प्रेसर, इथे नको. प्लेनरच्या जोडीला ग्राइंडरही मी बसवणार नाही. एकाचा भुसा आणि दुसऱ्याच्या ठिणग्या एका टेबलावर ठेवू नयेत. करवतीचं डोकं फिरवण्यापूर्वी खाली दाबून अडकवायचं, वायर गुंडाळून बांधायची.

स्टँड उभा राहण्याची जागा वाचवतो, काम करण्याची नाही. 8 फुटी फळी प्लेनरमधून काढायला अलीकडे 8 आणि पलीकडे 8 फूट लागतातच, दहा बाय दहाच्या गाळ्यात ते बसत नाहीत. म्हणून चारही चाकं ब्रेकची घ्यावीत. स्टँड ढकलत दारापाशी न्यायचा, ब्रेक लावायचे, फळी आतून सरकवायची आणि रंधलेलं टोक बाहेर अंगणात निघू द्यायचं.