चेंबर उतरवताना घाई नको!

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी हलवली की जमिनीवर तेलाचा काळा डाग दिसतो. "थोडं गळतंय, चालायचंच," असे म्हणून आपण गाडी काढतो. पण हे थोडे गळणे वाढले, तेलाची पातळी उतरली, की इंजिन जाम होते. भाड्याच्या गाडीवर ज्यांची चूल पेटते, त्यांची रोजी त्या दिवसापासून बुडते.

इंजिनाच्या तळाला बोल्टांनी बसवलेल्या पत्र्याच्या भांड्याला ऑइल पॅन म्हणतात. गॅरेजमध्ये त्याचे नाव चेंबर. सारे तेल तिथे साठते आणि पंप ते जाळीतून वर खेचतो. 'मारुती ८००'चे उत्पादन २०१४ साली, तर 'ओम्नी'चे २०१९ साली थांबले. तरी या जुन्या गाड्यांची चेंबरची कामे निघतातच. शिकाऊ मुलांनी हे काम नीट समजून घ्यावे.

आधी खात्री करा

तेल वरून ओघळूनही चेंबरवर येते. म्हणून इंजिन पुसून घ्या, थोडे चालवा आणि ओल कुठून सुरू होते ते पाहा. वरचे झाकण, फिल्टर किंवा क्रँकचे सील गळत असेल, तर चेंबर उतरवून काही उपयोग नाही.

उतरवताना

गाडी सपाट जागी लावा, चाकांना अडण द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक सुटला तर जीव जातो. गाडी मजबूत घोड्यांवर टेकवा आणि हलवून पाहा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. तेल कोमट असताना सोडा. उकळते तेल हात भाजते. आड येणारे सायलेन्सरचे पाइप व पत्रे काढा. बोल्ट एकदम न काढता सगळे थोडे थोडे सैल करा. चेंबर चिकटले असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. पृष्ठभागावर चरा पडला की तिथून तेल पुन्हा गळते. पातळ पाते फिरवा आणि लाकडी हातोडीने हळू ठोका.

तळ काय सांगतो?

तळाचा गाळ बोटाने तपासा. लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटतो. न चिकटणारे चमकदार कण दिसले तर बेअरिंग झिजत असण्याची शक्यता असते. अशा वेळी उस्तादाला दाखवल्याशिवाय गाडी जोडू नका. चेंबर दगडावर आपटून आत दबले असेल, तर जाळीचे तोंड बंद होते आणि चेंबर भरलेले असूनही इंजिन उपाशी राहते.

बसवताना

जुने पॅकिंग पूर्ण खरवडा. चेंबर व जाळी रॉकेलने धुऊन कोरडी करा. जवळपास विडी-काडी नको. बोल्टांच्या भोकांपाशी कड वाकली असेल, तर सपाट लाकडावर ठेवून सरळ करा. सोल्युशनची सुमारे ३ मिलिमीटरची अखंड रेघ भोकांच्या आतल्या बाजूने ओढा. जास्त थापले तर ते आत सुटून जाळीत अडकते. सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग मधून कडेकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर जोर पुरतो. लांब पान्यावर लोंबकळलात तर आटे जातात, कड वाकते आणि गळती वाढते. ड्रेन बोल्टला नवा वायसर घाला.

सोल्युशन पाकिटावर लिहिलेल्या वेळेइतके सुकू द्या. मग तेल भरा, काडीवर पातळी पाहा आणि इंजिन सुरू करा. तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद करा. पंधरा मिनिटांनी खालून पुन्हा पाहा.

जळके तेल गटारात ओतू नका, अंगाला लागू देऊ नका. ते कातडीला वारंवार लागणे घातक असते. डब्यात साठवून ते घेणाऱ्या परवानाधारकाला द्या आणि भाकरीला बसण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवा.