मुरलेली विद्या

पावसाळ्यात ओढा दुथडी भरून वाहतो. परंतु चैत्रात पाहावे तो पात्रात नुसते दगडगोटे! पाणी गावावरून गेले खरे, पण गावाच्या हाती लागले नाही. अशा गावी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी कुदळी-फावडी घेऊन येतात, ते राष्ट्रीय सेवा योजनेतून.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत दाखल झालेला विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास समाजाची सेवा करतो. ‘मी नव्हे, तुम्ही’ हे तिचे ब्रीद होय.

पावसाळा सरल्यावर, ओढा वाहता असतानाच, हे विद्यार्थी वनराई बंधारा बांधतात. सिमेंटची रिकामी पोती वाळूमातीने भरून, तोंडे शिवून, पात्रात आडवी रचावयाची, एवढेच ते काम. दिसावयास सोपे; परंतु जागा वा रचना चुकली, तर एका रात्रीत सारे श्रम वाहून जातात. येथे वरच्या वर्गातील विद्यार्थी पुढे होतो. पात्र कोठे अरुंद आहे व काठ कोठे भक्कम आहेत, हे तो नवख्या सोबत्यांना दाखवितो. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब अधिक. म्हणून बंधाऱ्याचा तळ माथ्याहून रुंद ठेवावयाचा. पोत्यांचे सांधे विटांच्या भिंतीप्रमाणे चुकवावयाचे. वर्गात सूत्र पाठ करूनही ज्याला दाबाचा अर्थ उमगला नव्हता, त्याला तो येथे गुडघाभर पाण्यात उमगतो.

शिकविणाराही शिकतो. सोबत्याने ‘असे का?’ म्हणून विचारले, म्हणजे आपल्याला खरोखर किती कळले आहे, हे त्याला समजून येते. ओढ्याचा पूर कोठवर चढतो, हे तर गावातील वृद्ध शेतकरीच सांगू जाणे. तेथे शिकविणारा त्याचा शिष्य होतो.

अडलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना पाझर फुटतो. रब्बीच्या पिकाला व गुरांना त्याचा आधार होतो. हा बंधारा कच्चा असल्यामुळे पुढील वर्षी पुन्हा बांधावा लागतो. तोवर शिकविणारा विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेलेला असतो. पण ज्यांना त्याने शिकविले, ते नव्या सोबत्यांना घेऊन ओढ्यावर येतात.

विद्येचेही पाण्यासारखेच आहे. एकाच्या घागरीत राहिली, तर एकाचीच तहान भागते. दहा जणांत मुरली, तर ती गावाच्या उपयोगी पडते.